भांडण माशांवरून नको, कासवावरून

वाचकाचं पत्र:

आम्ही डोंबिवलीत राहतो. मुलगा पाचवीत आहे. त्याच्या वाढदिवसाला, जवळच्या ओळखीच्या दुकानातून दीड फुटी काचेची पेटी, हवेची मोटर, छोटा फिल्टर, रंगीत खडे आणि नऊ मासे घेतले. दोन गोल्डफिश, दोन एंजल, चार निऑन टेट्रा आणि काच साफ करायला एक सकर, असं सगळं एकाच संध्याकाळी घरी आलं. चौथ्या दिवशी पाणी दुधासारखं झालं. मी सगळं पाणी काढून, खडे धुऊन, पेटीत पिण्याचं आरओचं पाणी भरलं. मासे निदान चांगल्या पाण्यात राहतील असं वाटलं. दहा दिवसांत चारही टेट्रा आणि दोन्ही एंजल गेले. दुकानदार म्हणतात, "माझ्याकडून जिवंत गेले होते." मिस्टर म्हणतात, यापुढे ऑनलाइन मागवू, नाहीतर कुर्ल्याहून आणू, तिथे निम्म्या किमतीत मिळतात. सासूबाई म्हणतात, घरावरचं संकट माशांनी स्वतःवर घेतलं. मुलगा दोन दिवस नीट जेवला नाही. त्याची समजूत काढायला दुकानदार म्हणाले की छोटं कासव घेऊन जा, ते मरत नाही, आणि पाठीवर चांदण्या असलेलं हवं असेल तर "मागून मागवून देतो, कुणाला बोलू नका." त्या दुकानात पुन्हा जावं का? माशांचे पैसे परत मागायचे तर भांडावं लागेल, आणि रोज त्याच रस्त्याने जायचं असतं.

— एक आई, डोंबिवली

उत्तर:

ताई, सासूबाईंपासून सुरुवात करतो, कारण त्या अर्ध्या बरोबर आहेत. संकट होतं. ते घरावर नव्हतं, पेटीत होतं, आणि त्याचं नाव अमोनिया.

मासे कल्ल्यांतून सतत अमोनिया बाहेर टाकतात. न खाल्लेलं खाणं तळाला कुजतं, त्याचाही अमोनियाच होतो. तळ्यात किंवा जुन्या, चालत्या पेटीत हा अमोनिया खाणारे जिवाणू असतात. ते त्याचं नायट्राइट करतात, दुसरे जिवाणू त्या नायट्राइटचं नायट्रेट करतात. पहिले दोन्ही पदार्थ माशाला विषारी, तिसरा बराच सौम्य. हे जिवाणू पाण्यात फारसे तरंगत नाहीत, ते फिल्टरच्या स्पंजवर आणि खड्यांवर घर करतात. हे घर बसायला ४ ते ६ आठवडे लागतात. तुमच्या पेटीला मिळाली एक संध्याकाळ. आधी कळस मग पाया म्हणतात तसं झालं.

दीड फुटी पेटी म्हणजे साधारण १८ इंच लांब, ९ रुंद आणि १२ उंच. खडे घालून, वर थोडी जागा सोडून त्यात जेमतेम २६-२७ लिटर पाणी मावतं, म्हणजे दीड बादली. त्यात नऊ मासे, आणि त्यातले दोन गोल्डफिश, जे घाण करण्यात सगळ्यांचे बाप. चौथ्या दिवशी पाणी दुधाळ झालं ती बहुतेक जिवाणूंची पहिली झुंबड होती. दिसायला वाईट, पण ती आपोआप बसते. त्या दिवशी पाव हिस्सा पाणी बदलून खाणं बंद ठेवलं असतं तर कदाचित निभावलं असतं. तुम्ही खडे धुतले, त्याबरोबर जे थोडे जिवाणू जमले होते तेही मोरीत गेले. आणि आरओचं पाणी आपल्याला चांगलं, माशाला नाही. त्यातले क्षार काढून टाकलेले असतात, आणि माशाच्या अंगातल्या क्षारांचा तोल बाहेरच्या पाण्यावर अवलंबून असतो. आज एका पाण्यात आणि उद्या एकदम दुसऱ्या पाण्यात, हा धक्का टेट्रा आणि एंजल यांना सोसवत नाही. गोल्डफिश आणि सकर दणकट, म्हणून ते टिकले.

हे वाचून तुम्हाला वाईट वाटेल, म्हणून माझं सांगतो. कॉलेजात असताना माझ्याकडे तीन फुटी पेटी होती, दोन वर्षं उत्तम चाललेली. दिवाळीची साफसफाई निघाली. आईने पितळेची भांडी चिंचेने घासली, मी पेटी घासली. मासे बादलीत काढले, खडे उकळत्या पाण्यातून काढले, स्पंज नळाखाली पिळून पिळून पांढरा केला, काच चकचकीत. लक्ष्मीपूजनाला पेटी अशी दिसत होती की पाहुणे आधी तिच्याकडे जायचे. भाऊबीजेपर्यंत अकरातले आठ मासे गेले. मी तणतणत दुकानात गेलो आणि दुकानदाराला म्हणालो, तुमचं खाणं खराब होतं. त्या गृहस्थाने माझं सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "स्पंज कशात धुतला?" मी सांगितलं. तो काही बोलला नाही. स्वतःच्या चालू टँकमधला एक काळाकुट्ट, बुळबुळीत स्पंज काढून पिशवीत घातला आणि म्हणाला, हा लाव, धुऊ नकोस. पैसे घेतले नाहीत. पुढे वीस वर्षं मी त्याच्याकडून मासे घेतले.

तेव्हा माशांच्या मरणाचा हिशोब करायचा तर निम्मा तुमच्या नावावर, निम्मा त्याच्या. त्याचा निम्मा काही लहान नाही. नवीन कोरी पेटी आणि नऊ मासे एकाच दिवशी विकताना त्याला पुढचं सगळं माहीत होतं. एंजल मोठा झाला की निऑन टेट्रा त्याच्या तोंडात मावतो, हेही माहीत होतं. गोल्डफिशला थंडसर पाणी मानवतं आणि बाकीच्यांना उबदार, आणि जो सकर बोटाएवढा होता तो वाढून फूटभराचा होतो, हेही. पण त्याची बाजूही बघा. वाढदिवसाचं पोर काचेला नाक लावून उभं असताना "पेटी घेऊन जा, पाणी भरून मोटर चालू ठेवा आणि महिन्याने मासे न्यायला या" असं सांगणारा दुकानदार त्या संध्याकाळी गिऱ्हाईक गमावतो. आईबाप पुढच्या दुकानात जातात, तिथे सगळं एकदम मिळतं. त्याच्याकडे पंचवीस-तीस टँक, दिवसरात्र मोटरी, लाइट गेली की इन्व्हर्टर, आणि बाहेरगावाहून आलेल्या पिशव्यांतले मेलेले मासे त्याच्याच खात्यावर. मी त्याला निर्दोष म्हणत नाही. पण सहा माशांच्या पैशांवरून रस्त्यात भांडू नका. ते भांडण तुम्ही पूर्ण जिंकणार नाही, कारण तुम्ही पूर्ण बरोबर नाही.

कासवाचं मात्र तसं नाही.

पाठीवर चांदण्या असलेलं कासव म्हणजे आपलं भारतीय तारा कासव. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे ते पाळणं, विकणं, विकत घेणं, सगळाच गुन्हा आहे, आणि शिक्षेत तुरुंगवास आहे. जगभर या कासवाची इतकी चोरटी ने-आण होते की २०१९ साली आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या करारात त्याला सर्वांत कडक यादीत टाकलं गेलं. ही कासवं पिंजऱ्यात जन्मलेली नसतात. माळरानावरून उचलतात, पोत्यात आणि सुटकेसमध्ये भरतात, कितीतरी वाटेत मरतात. आणि विकणाऱ्याला हे नुसतं माहीत नाही, नीट माहीत आहे. "मागून" आणि "कुणाला बोलू नका" हे दोन शब्दप्रयोग अजाण माणूस वापरत नाही. अजाण माणसाने ते काउंटरवर मांडलं असतं.

माशांच्या बाबतीत त्याने तुम्हाला सांगायचं ते सांगितलं नाही. इथे तो तुम्हाला आणि तुमच्या दहा-अकरा वर्षांच्या मुलाला गुन्ह्यात सामील करत होता, तेही मुलाच्या रडण्याचा आधार घेऊन. म्हणून तुमच्या पहिल्या प्रश्नाला माझं उत्तर, नाही, त्या दुकानात पुन्हा जाऊ नका. आणि जे बोलायचं ते यावरूनच बोला. आरडाओरडा करायची गरज नाही. "ते कासव कायद्याने विकता येत नाही, आम्हाला नको आणि तुम्हीही ठेवू नका," एवढं शांतपणे सांगून निघा. त्याच्याकडे ते प्रत्यक्ष दिसलं तर वनविभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर कळवा. रस्ता रोजचाच आहे, मला समजतं. पण मान खाली घालून जायची वेळ तुमची नाही.

दुसरं, जे "मरत नाही" म्हणून सुचवलं, ते बहुधा हिरवं, डोळ्यामागे लाल पट्टा असलेलं, दहा रुपयांच्या नाण्यापेक्षा थोडंसं मोठं कासव असेल. ते मूळचं अमेरिकेतलं. आज तळहातावर मावतं, वाढून ताटाएवढं होतं, आणि नीट सांभाळलं तर वीस-तीस वर्षं जगतं. म्हणजे तुमचा पाचवीतला मुलगा चाळिशीकडे झुकेल तेव्हाही ते असेल, आणि बहुतेक तुमच्याकडे, कारण तो कुठे नोकरीला गेलेला असेल. त्याला पाण्याबरोबर कोरडी जागा, ऊन किंवा तसा दिवा आणि मोठा फिल्टर लागतो. हे कुणी सांगत नाही. दोन वर्षांत वास येऊ लागला की लोक त्याला देवळाच्या तळ्यात सोडतात आणि पुण्य मिळालं असं समजतात. तिथे ते आपल्या देशी कासवांचं अन्न आणि जागा खातं. नको.

पक्ष्यांबाबतही विषय निघालाच आहे तर सांगून टाकतो, कारण कासवानंतर मुलाची नजर पिंजऱ्यावर जाते. आपला हिरवा पोपट, मग तो कितीही "मिठू मिठू" म्हणो, आणि मुनिया हे देशी पक्षी विकत घेता येत नाहीत. घरोघरी ज्यांना लव्हबर्ड म्हणतात ते बहुतेक वेळा ऑस्ट्रेलियातले बजरीगार असतात, ते चालतात. कुत्र्याचं पिल्लू ८ आठवड्यांच्या आतलं विकायला बंदी आहे. पिल्लं, ससे, हॅमस्टर, पक्षी विकणाऱ्या दुकानाला २०१८ च्या नियमांप्रमाणे राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते, आणि ते प्रमाणपत्र दुकानात लावायचं असतं. मागितलं तर कुणी चिडायचं कारण नाही. चिडला तर तुमचं काम झालं.

आता मिस्टरांच्या दोन सूचना.

ऑनलाइन मागवणं सरसकट वाईट नाही. एखादा माणूस फक्त गप्पीच्या किंवा फायटरच्या खास जाती घरी वाढवतो आणि पाठवतो, त्याच्याकडून जाणकाराने जरूर घ्यावेत. पण पहिल्या पेटीसाठी ते म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं आहे. मासा बघायला मिळत नाही, त्याने काल खाल्लं का ते कळत नाही. पाठवण्याचा खर्च माशाच्या किमतीच्या वर जातो. जिवंत पोहोचण्याची हमी असते, पण त्यासाठी खोका उघडतानाचा न कापलेला व्हिडिओ ठरावीक वेळेत पाठवायचा असतो, आणि तुमच्या सोसायटीचा वॉचमन पार्सल दुपारभर गेटवर ठेवणार. एक बारीक गोष्ट आणखी, जी फार थोडे सांगतात. दोन दिवस बंद पिशवीत राहिलेल्या माशाच्या पाण्यात अमोनिया साठतो, पण माशाच्याच श्वासाने त्यात कार्बन डायऑक्साइडही साठतो आणि पाणी आम्ल होतं. आम्ल पाण्यात अमोनियाचा दंश कमी असतो. पिशवी उघडली की वायू उडून जातो, आम्लता उतरते आणि तोच अमोनिया जहाल होतो. म्हणून पार्सलचा मासा पिशवी उघडून तासभर हळूहळू सवय करत बसू नये. बंद पिशवी पंधरा-वीस मिनिटं पाण्यावर तरंगत ठेवून तापमान जुळवावं, आणि उघडल्यावर लगेच जाळीने मासा पेटीत घ्यावा. जवळच्या दुकानातून अर्ध्या तासात आणलेल्या माशाचं उलट. त्याची पिशवी तरंगवा, मग उघडून दर पाच मिनिटांनी पेटीतलं वाटीभर पाणी पिशवीत घाला, अर्ध्या तासाने मासा जाळीने काढा. दुकानाचं पाणी दोन्ही वेळा मोरीत, पेटीत कधीच नाही.

कुर्ल्याला शोभिवंत माशांची घाऊक दुकानं आहेत आणि स्वस्ताई खरी आहे. तुमच्या भागातले बरेच दुकानदार तिथूनच माल आणत असतील, आणि तिथे तो चेन्नईतल्या कोळत्तूरसारख्या पैदाशीच्या ठिकाणाहून किंवा कोलकात्याहून येतो. म्हणजे कुर्ल्यातला मासा नुकताच लांबचा प्रवास करून उतरलेला असू शकतो. तो तुम्ही संध्याकाळच्या लोकलमध्ये पिशवीत धरून उभ्याने आणणार. निम्मी किंमत ही त्या एका आठवड्याची किंमत आहे, ज्यात कमजोर मासे मरतात आणि अंगावर पांढऱ्या ठिपक्यांचा रोग वर येतो. तो आठवडा दुकानदाराच्या टँकमध्ये गेला तर त्याचे पैसे त्याला द्यायला मला कधी जड वाटलं नाही. कुर्ल्याला पेट्या, दगड, फिल्टर घ्यायला जा. बघायला तर जाच, मुलाला घेऊन जा.

तेव्हा दुसरं दुकान शोधायचं, तेही तुमच्याच गावात. पाण्याचं कारण फार मोठं आहे. तुमच्या नळाला येतं त्याच उल्हास नदीच्या पाण्यात जो मासा आठवडाभर राहिला आहे, त्याचा निम्मा त्रास आधीच संपलेला असतो. (तुमच्या सोसायटीत बोअरवेल किंवा टँकरचं पाणी मिसळत असेल तर दुकानदाराला ते सांगा, ते बहुधा जड पाणी असतं.)

दुकान बघायला रविवारी जाऊ नका, गर्दीत कुणालाच बोलायला वेळ नसतो. मंगळवारी-बुधवारी संध्याकाळी जा आणि पहिल्या फेरीत काहीही विकत घेऊ नका. मुलाला आधीच सांगा, आज फक्त बघायचंय. सगळे टँक चालत बघा. एखादा मेलेला मासा कुठल्याही दुकानात दिसेल, पण त्याच टँकमध्ये बाकीचे कल्ले जोरात हलवत वर तरंगत असतील किंवा पर अंगाला चिकटवून जागच्या जागी थरथरत असतील, तर त्या टँकमधलं काही घेऊ नका. मिठाचे कण शिंपडल्यासारखे ठिपके, आत गेलेलं पोट, कुरतडलेली शेपटी, हेही तसंच. एकच जाळी सगळ्या टँकमधून फिरते का बघा. मग दुकानदाराला विचारा, माल कुठल्या वारी येतो? जो खरं सांगेल त्याच्याकडे पुढच्या वेळी माल येऊन पाच-सहा दिवस झाल्यावर जा. हवा असलेला मासा दाखवून म्हणा, जरा खाणं टाकता का? निरोगी मासा खाण्यावर तुटून पडतो. जो बाजूला राहतो तो घ्यायचा नाही, कितीही सुंदर असला तरी.

माझी आवडती युक्ती अशी, की मासा पसंत करा, थोडा बयाणा द्या आणि म्हणा, आठवडाभर तुमच्याकडेच राहू दे. चांगला दुकानदार हसतो आणि हो म्हणतो. ही सोय तुम्हाला कुठलंही ॲप देणार नाही.

आणि मग त्याला तुमची पेटी सांगा. दीड फुटी आहे, त्यात गोल्डफिश हवेत, असं मुद्दाम म्हणा. तो काय उत्तर देतो ते ऐका. "चालतात की, चार घ्या" म्हणाला तर बाहेर पडा. "ताई, याच्यात नाही चालणार" म्हणाला तर तुम्हाला दुकान मिळालं.

रंगवलेल्या माशांबद्दल एक. आपल्याकडच्या नद्या-तळ्यांत काचेसारखा पारदर्शक असा एक मासा असतो. त्याला सुईने रंग टोचून गुलाबी-हिरवा करून विकतात, मी स्वतः शाळेत असताना घेतला होता. तारापोरवाला मत्स्यालयाची सहल करून आलो होतो आणि डोक्यात रंग भरले होते. तीन आठवड्यांत रंग फिका पडला, मग मासा गेला. पॅरट माशावर बदाम किंवा नक्षी गोंदलेली दिसते, तीही तशीच. जिथे असे मासे दर्शनी टँकमध्ये असतात तिथे मी आत जात नाही. देशी मासे विकणाऱ्याला मात्र विचारा, हा पैदास केलेला की ओढ्यातून पकडलेला? मिस्टर कौतुकाने दाखवतील तो लाल-काळ्या पट्ट्यांचा "मिस केरळ" पश्चिम घाटातल्या ओढ्यांचा रहिवासी आहे, हौसेपायी इतका पकडला गेला की संकटात आला. शास्त्रज्ञांनी २०१३ साली त्याच्या वंशाला (जीनसला) नाव दिलं ते सह्याद्रीवरून, सह्याद्रिया.

आता घरी उरलेले तिघे. दोन गोल्डफिशना तुमची पेटी पुरणार नाही. एकतर तीन फुटी पेटी घ्या, ज्यात दीडशे लिटरच्या आसपास पाणी बसतं, नाहीतर नव्या दुकानदाराला विचारा, बरेच जण मासे परत घेतात, पैसे देत नाहीत पण टँक देतात. सकरही त्यालाच द्या. तलावात, खाडीत, गणपती विसर्जनाच्या कुंडात सोडू नका. सकर एकदा तलावात रुजला की कोळ्यांची जाळी फाडतो आणि देशी माशांना जागा ठेवत नाही. तोवर दर तीन दिवसांनी पाव हिस्सा पाणी बदला. नळाचं पाणी बादलीत २४ तास उघडं ठेवा म्हणजे क्लोरीन उडून जातो, घाई असेल तर क्लोरीन मारणाऱ्या औषधाची छोटी बाटली मिळते. आरओ नाही. स्पंज धुवायचा तर पेटीतून काढलेल्या पाण्यातच दोनदा दाबायचा, नळाखाली नाही. खाणं दिवसातून एकदा, दोन मिनिटांत संपेल एवढंच. मुलाच्या हातात डबी देऊ नका, मोजून चिमूट द्या.

ते तिघे मार्गी लागले की मोटर आणि फिल्टर चालूच ठेवा, चिमूटभर खाणं रोज टाकत राहा, म्हणजे जिवाणू उपाशी मरत नाहीत. नव्या दुकानदाराकडे निरोगी माशांच्या टँकमधला जुना स्पंज मागा. महिन्याभराने त्या पेटीत पाच-सहा नर गप्पी आणा. मादी घेऊ नका, नाहीतर महिन्याला तीस पिल्लं आणि तुम्ही सोसायटीत डबे घेऊन फिरताय. हे तेच गप्पी ज्यांचे साधे भाऊबंद महापालिकेचा हिवताप विभाग डासांच्या अळ्या खायला टाक्यांत सोडतो. मुलाला ते सांगा, त्याच्या मित्रांत भाव वाढेल. गप्पी नको असतील तर एकटा नर फायटर, पण एकटाच.

आणखी एक विचारायचं राहिलं. या महिन्यात घरात पेस्ट कंट्रोल झालं होतं का, झुरळांचा स्प्रे मारला होता का? या औषधांतली बरीचशी माशाला अगदी थोडी असली तरी मारक असतात, आणि हवेची मोटर खोलीतली हवाच ओढून पाण्यात सोडते. डासांची कॉइल आणि उदबत्ती पेटीपासून लांब. फवारणीच्या दिवशी मोटर बंद करून पेटीवर ओला टॉवेल टाका, खोली हवेशीर झाल्यावर काढा. आणि मोटर खाली कपाटात ठेवली असेल तर आजच वर, पाण्याच्या पातळीच्या वर ठेवा. नाहीतर लाइट गेली की पेटीतलं पाणी नळीतून उलटं येतं, मोटर भिजते, आणि रात्री उठून फरशी तुम्हालाच पुसावी लागते.